सात नंबरचा हूड

फरीदाबाद,
१८ सप्टेंबर २०२४

चि. लुंबिनी,
जयभीम.

माझा नंबर तू ब्लॉक केलास त्याला सात महिने होत आले. मेल जातात, उत्तर येत नाही. म्हणून कागदावर लिहितोय. तुझ्या कॉलेजचा पत्ता आईच्या डायरीतून उतरवून घेतला, तिला न विचारता. तिने 'लुंबिनी, यवतमाळ' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली आहे.

आई बरी आहे. गुडघे तेवढे दुखतात. रविवारी विहारात जाते, तिथे तिला नागपूरकडच्या दोन बायका भेटल्या आहेत, त्यामुळे सोमवारपर्यंत खुशीत असते. तुझा फोन आला की मी बाल्कनीत जाऊन उभा राहतो, म्हणजे तिला मोकळं बोलता येतं. नंतर ती मला थोडं थोडं सांगते. अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतेस, खोली कॉलेजजवळच मिळाली, डबा लावलास पण भाजी फार तेलकट असते. पीएचडीचं ती विचारत नाही. मीच सांगितलंय, विचारू नकोस म्हणून.

मुद्द्याचं लिहितो. नीरजच्या अपघाताचा चौकशी अहवाल आला. तुमच्या दिल्लीच्या संस्थेने आमच्या कंपनीला प्रत पाठवली. लॅबमधल्या हूडची सरकती काच खुणेपेक्षा वर ठेवून काम केलं गेलं, वापरणाऱ्याची चूक, असा निष्कर्ष आहे. फाइल बंद झाली.

हे वाचून तुला काय वाटेल ते कळतंय मला. पण लुंबे, त्या हूडबद्दलच्या तुमच्या तक्रारीवर मागच्या सप्टेंबरात मी जो रिपोर्ट दिला तो नियमाला धरून होता. सात नंबरच्या हूडच्या तोंडाशी मी नऊ ठिकाणी हवेचा वेग मोजला होता. नऊही ठिकाणी बरोबर आला. आकडे खोटे नाहीत. आणि तक्रार तुझी आहे हे तू मीटिंगमध्ये येऊन बसेपर्यंत मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते काम मी दुसऱ्या कुणाला दिलं असतं.

नीरजबद्दल वाईट वाटतं. चांगला मुलगा होता.

माझं ठीक चाललंय. काम भरपूर आहे. तब्येत सांभाळ.

तुझा,
दादा


फरीदाबाद,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. लुंबिनी,

पत्र पोचलं असावं. परत तरी आलं नाही.

ते टाकल्यानंतर चार दिवस मी स्वतःला सांगत होतो की तुला सगळं समजावून लिहिलं. पाचव्या दिवशी ऑफिसात जेवताना मी डबा बंद केला. 'चांगला मुलगा होता' एवढंच लिहिलं मी. तुझं डिसेंबरात ज्याच्याशी लग्न व्हायचं होतं, जो आईशी बोलायला यूट्यूबवरून मराठी शिकत होता आणि दर वेळी दारातूनच 'आई, मी जेवला का?' असं विचारायचा, त्याच्याबद्दल एवढंच. आई हसून हसून त्याला दुरुस्त करायची, आणि तो मुद्दाम पुन्हा तेच म्हणायचा.

त्या पत्रात एक खोटं आहे. तक्रार तुझी आहे हे मला मीटिंगच्या तीन आठवडे आधी माहीत होतं.

तक्रार माझ्या टेबलावर आली तेव्हा आमचे बॉस धवल सर समोरच उभे होते. कागदावर तुझं पूर्ण नाव होतं. लुंबिनी बबन गजभिये. सर म्हणाले, "अतुल, ये तुम्हारी रिश्तेदार है क्या?"

मी म्हणालो, "नहीं सर. हमारी तरफ ये सरनेम बहुत कॉमन है."

असं का म्हणालो ते गेलं वर्षभर शोधतोय. तुला वाटत असेल नोकरीच्या भीतीने. नोकरी जाणार नव्हती. बहीण आहे म्हटलं असतं तर सरांनी तपासणी दुसऱ्याला दिली असती, आणि दुसरा कुणीतरी माझ्या हूडमध्ये खोट काढेल ही भीती होती. माझा हूड. मी तसंच म्हणायचो, आठवतं?

पहिला नमुना तयार झाला त्या रविवारी तुला आणि आईला फॅक्टरीत घेऊन आलो होतो. आईने विचारलं, "म्हणजे हे स्वयंपाकघरातल्या चिमणीसारखंच ना रे?" मी म्हटलं, तसंच, फक्त हे काचेचं कपाट आहे. आत विषारी वाफा निघतात, पंखा त्या ओढून छतावरून बाहेर टाकतो, आणि समोरची काच अर्धी वर करून माणूस आत हात घालून काम करतो. मग मी माझा पराक्रम सांगितला. दिल्लीत मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस डिग्री, लॅबमध्ये एसी, आणि हा हूड ती थंड केलेली हवा दिवसभर बाहेर फेकत असतो. एका हूडमागे चार घरांची वीज जाते. तोंडाशी हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत जाते, मी आतली रचना बदलून तेच काम शून्य पूर्णांक तीनमध्ये करून दाखवलं. आईला आकडे कळले नाहीत, पण तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तू म्हणालीस, "दादा, आमच्या लॅबमध्ये हेच लागायला हवेत." आणि पुढच्या वर्षी लागलेच. दहा हूड. सात नंबरचा तुझ्या वाट्याला आला.

नंतर त्याला बक्षीस मिळालं. माझा फोटो कंपनीच्या लॉबीत लागला. दिग्रसच्या झेडपी शाळेतल्या पोराचा फोटो. बाबा असते तर त्यांनी तिथे उभं राहून चहा मागवला असता.

मीटिंगमध्ये तू समोर बसली होतीस. हातात फाइल, डोकेदुखीच्या तारखा लिहिलेल्या. तुला वाटलं असणार की दादा काहीतरी बोलेल. मी म्हणालो, "उपकरणात दोष नाही. वापरणाऱ्यांना प्रशिक्षणाची गरज आहे." तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "थँक यू, सर."

त्या दिवसापासून तुझ्या गाइडने तुला 'शिकायत वाली' म्हणायला सुरुवात केली. हे मला नीरजने सांगितलं. तू सांगितलं नाहीस.

दादा


फरीदाबाद,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. लुंबिनी,

आईचा खोकला वाढलाय. बाहेर हवा अशी की समोरचा टॉवर दिसत नाही. खिडक्या बंद करून बसतो. तिला मास्क लावायला सांगितला की म्हणते, तुमच्या दिल्लीत श्वास घेणं पण शिकावं लागतं.

काल मी नीरजच्या घरी गेलो होतो. हिंदूराव हॉस्पिटलच्या मागे, टेकाडावरच्या त्या गल्लीत. तू मला एकदा खालून दाखवलं होतंस. त्याचे वडील त्याच हॉस्पिटलातून फार्मासिस्ट म्हणून निवृत्त झालेत, हे तुला माहीत आहेच. मी कोण ते त्यांना ठाऊक होतं, पण 'लुंबिनीचा भाऊ' एवढंच. हूड कुणी बनवला ते माहीत नव्हतं.

नीरजच्या आईंनी चहा दिला. वडील उठले. मग त्यांनी कपाटातून अहवालाची झेरॉक्स काढली. 'वापरणाऱ्याची चूक' या ओळीखाली त्यांनी पेन्सिलने रेघ मारली होती. म्हणाले, "बेटा, तुम इंजीनियर हो. एक बात बताओ. ये सच में उसकी गलती थी?"

मी झेरॉक्सची घडी घालून त्यांच्यापुढे ठेवली.

ते म्हणाले, "छोटा था तब मैंने ही उसे सिखाया था, शीशी खोलो तो मुँह दूर रखो. दवाख़ाने में मेरे साथ बैठता था. इतना सिखाया, फिर भी भूल गया?" त्यांना राग नव्हता. आपण नीट शिकवलं नाही असं वाटून ते मनात झुरत होते.

मी उठून आलो. खाली उतरताना दोनदा थांबलो, परत वर जावं म्हणून. गेलो नाही.

आज रविवार आहे. आई विहारात गेली आहे. आता तुला जे लिहितोय ते कंपनीत माझ्याशिवाय फक्त समाधानभाऊंना माहीत आहे. आमचे जुने टेस्टिंगवाले, हिंगोलीचे. तुला बोरं आणून द्यायचे ते.

हूड तुमच्या लॅबमध्ये लागण्याआधी फॅक्टरीत धुराची चाचणी असते. आत धूर सोडायचा आणि तो बाहेर येतो का बघायचं. रिकाम्या खोलीत धूर सरळ मागे ओढला जायचा. इतकं सुंदर दिसायचं की मी व्हिडिओ काढून ठेवलेत. पण चाचणीत हूडसमोर माणूसही उभा करतात, म्हणजे पुतळा. आम्ही कपड्यांच्या दुकानातला एक आणला होता. तो समोर ठेवला. नदीत पुलाच्या खांबाच्या पुढच्या अंगाला भोवरा धरतो बघ, तसं हवेचं होतं. मागून येणारी हवा माणसाला वळसा घालते आणि त्याच्या छातीसमोर गोल फिरते. वेग जास्त असला की तो भोवरा तुटतो. माझ्या हूडमध्ये वेग कमी. त्यात त्या दिवशी छतातल्या एसीचं तोंड नेमकं काचेवर होतं. धूर काचेखालून बाहेर आला, पुतळ्याच्या छातीवरून वर चढला आणि हनुवटीशी फिरत राहिला.

समाधानभाऊ म्हणाले, "साहेब, हे तोंडाशी येतंय."

मी म्हणालो, "एसी बंद करा. परत घ्या."

एसी बंद केल्यावर नीट आलं. रजिस्टरमध्ये मी फक्त दुसरी चाचणी लिहिली. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग पुतळा उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला.

वीज वाचवणं चूक नव्हतं, लुंबे. कमी वेगातही माणूस सुरक्षित राहतो. पण मग खोलीतली हवा कुठून येते ते बघावं लागतं, एसीची तोंडं हलवावी लागतात, प्रत्येक हूडसमोर माणूस उभा करून तपासावं लागतं. त्याला आणखी तीन महिने लागले असते. बक्षिसाच्या अर्जाची शेवटची तारीख त्याआधी होती.

तक्रारीच्या शेवटी तू एक ओळ लिहिली होतीस. "खोली रिकामी असताना मोजू नका. मी समोर उभी राहीन, तेव्हा मोजा." मी रविवारी आलो. लॅबला सुट्टी, एसी बंद. नऊ ठिकाणी मोजलं आणि निघून आलो.

दादा


फरीदाबाद,
१० फेब्रुवारी २०२५

लुंबिनी,

आज वर्ष झालं.

सकाळी आईने बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि नीरजचं नाव घेतलं. मला म्हणाली, "तू पण हात जोड." मी जोडले. मग ऑफिसला जातो म्हणून निघालो आणि मेट्रो स्टेशनखालच्या चहाच्या टपरीवर बसून हे लिहितोय. हे घरी लिहिता येणार नाही.

मी तुला म्हटलं होतं की पुतळ्याची गोष्ट समाधानभाऊंशिवाय कुणाला माहीत नाही. ही त्यांनाही माहीत नाही.

तू पुण्याला कॉन्फरन्सला गेली होतीस. गुरुवार होता, आठ तारीख. तू नाहीस म्हणजे नीरज नीट जेवणार नाही म्हणून आईने त्याला बोलावलं. संध्याकाळी सातला तो आला. 'आई, मी जेवला का?' झालं. आईने भाकरी आणि मेथीचं पिठलं केलं होतं. ती तव्यापाशी होती. आम्ही दोघं बाहेर बसलो होतो.

तो म्हणाला, "भैया, आज सात नंबर से हल्की सी स्मेल आई थी. भीगी घास जैसी."

मी विचारलं, "काम काय होतं?" त्याने सांगितलं, ट्रायफॉस्जीन. त्यातून फॉस्जीन हा विषारी गॅस सुटतो, आणि ओल्या गवतासारखा वास कशाचा हे मला माहीत आहे. हूड बनवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. तो गॅस छातीत गेला तर लगेच काही होत नाही, माणूस हिंडतो-फिरतो, जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. हे मी स्वतः ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये लिहिलेलं आहे.

मी विचारलं, "काँच कितनी ऊपर थी?"

"निशान पे ही थी, भैया. अठारह इंच. मैं तो उससे ऊपर करता ही नहीं."

म्हणजे काच खुणेवरच होती. अहवालात काही लिहू देत, काच खुणेवर होती. तो मला सांगून गेला.

आणि मी म्हणालो, "मग काही नसणार. त्या हूडमधून बाहेर येऊच शकत नाही. दुसऱ्या कुणाच्या बेंचवरून आला असेल वास."

तो हसला. "हाँ, आपका हुड है, इसलिए मैंने भी टेंशन नहीं ली."

जेवताना दोन-तीनदा खोकला. आईने आलं घालून चहा दिला. मी त्याला स्कूटरवरून मेट्रोपर्यंत सोडलं, याच स्टेशनवर. लिफ्ट बंद होती. जिन्यात अर्ध्यावर तो थांबला, रेलिंगला धरून उभा राहिला. मला वाटलं फोन बघतोय. मग वळून त्याने हात केला आणि वर गेला.

तेव्हाच त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं असतं, नुसतं झोपवून ऑक्सिजन लावला असता, तर काय झालं असतं? मी दोन डॉक्टरांना विचारलं, नाव न सांगता. एक म्हणाला, सांगता येत नाही. दुसरा म्हणाला, शक्यता बरीच होती. मी दोघांकडे परत गेलो नाही.

त्याला सकाळी त्याच्या रूममेटने ॲडमिट केलं. शनिवारी दुपारी तो गेला. तू पुण्याहून विमानाने आलीस आणि आयसीयूच्या बाहेर माझ्याच खांद्यावर डोकं ठेवलंस. मला म्हणालीस, "त्याने माझ्याशी हूड बदलला होता दादा. माझं डोकं दुखतं म्हणून. माझ्या जागेवर तो उभा राहिला." मला हे तेव्हा कळलं. मी तुला थोपटत राहिलो. पंधरा दिवसांनी तू माझा नंबर ब्लॉक केलास, कारण न सांगता. माझ्या रिपोर्टमुळे असणार, असं मी धरून चाललो.

मागच्या महिन्यात मी तीन पत्रं लिहिली. एक संस्थेच्या संचालकांना, एक धवल सरांना, एक नीरजच्या वडिलांना. पुतळ्याची चाचणी, रविवारची मोजणी, अठरा इंच, सगळं. पण जेवणाच्या वेळी मी त्याला काय सांगितलं ते त्यांत नाही. 'त्याने त्या संध्याकाळी मला काच खुणेवर असल्याचं सांगितलं होतं' एवढंच आहे. बाकीचं आधी तुला सांगायचं होतं.

धवल सर ओरडले नाहीत. दार बंद करून म्हणाले, "तुम्हें पता है ये डिज़ाइन कितनी जगह लगा है?" मी म्हटलं, "ग्यारह लैब में, सर. इसीलिए लिखा." त्यांनी मला घरी जायला सांगितलं. आज मी ऑफिसला जात नाहीये. गेले तीन आठवडे जात नाही. आईला माहीत नाही.

नीरजच्या वडिलांनी नव्याने चौकशी मागितली आहे. तुलाही बोलावतील.

अतुल


फरीदाबाद,
१ जून २०२५

चि. लुंबिनी,

तुम्ही दोघी पोचलात. आईचा फोन आला. नागपूरला गाडी दोन तास उशिरा आली, पण पुढे यवतमाळची बस लगेच मिळाली म्हणाली.

नव्या चौकशी समितीचा निकाल काल आला. तुला प्रत येईलच, तरी लिहितो. 'वापरणाऱ्याची चूक' हा शेरा काढला आहे. नीरजने काच खुणेवर ठेवली होती आणि सर्व नियम पाळले होते असं स्पष्ट लिहिलंय. अकराही लॅबमधले हूड परत तपासून होईपर्यंत बंद. तुझी तक्रार योग्य होती आणि ती नीट ऐकली गेली नाही, असाही एक परिच्छेद आहे. समितीवरच्या भानुमती मॅडमनी तो मुद्दाम घातला असणार. तुला पीएचडी पूर्ण करायची असेल तर संस्थेने दुसरा गाइड द्यावा अशी शिफारस आहे. तुझी इच्छा.

निकाल घेऊन मी हिंदूरावच्या मागच्या गल्लीत गेलो. नीरजच्या वडिलांनी चष्मा लावून तो परिच्छेद दोनदा वाचला, मग आत जाऊन त्याच्या आईला वाचून दाखवला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुमने लिख के दिया, ठीक किया. अब यहाँ मत आना, बेटा." मी हो म्हटलं. 'बेटा' म्हणाले, लुंबे. ते सहन होत नाही.

सुनावणीचं मी पुन्हा लिहिणार नव्हतो. तू होतीसच. पण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचंय.

जेवणाची गोष्ट मी समितीपुढे सांगितली. जशी तुला लिहिली तशीच. भानुमती मॅडमनी विचारलं, "तुम्हाला त्या वासाचा अर्थ माहीत होता?" मी म्हटलं, "हो." "मग तुम्ही त्यांना दवाखान्यात का नेलं नाही?" मी म्हटलं, "नेलं असतं तर माझा हूड गळतो हे मान्य करावं लागलं असतं." त्यांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर पॅसेजमध्ये बाकावर तू बसली होतीस. मी दुसऱ्या टोकाला बसलो. सव्वा वर्षाने तुला एवढ्या जवळून बघत होतो. केस कापलेस. मला वाटलं, तू उठून जाशील.

तू म्हणालीस, "मला माहीत होतं."

मी विचारलं, "काय?"

"जेवणाचं. त्याने मेट्रोतून मला फोन केला होता. खोकत होता. मी म्हटलं, वास आला तर हॉस्पिटलात जा, आत्ता जा. तो म्हणाला, 'अरे, भैया से पूछ लिया, भैया बोले कुछ नहीं है.'" तू हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होतीस. "आणि मी म्हटलं, अच्छा, दादा म्हणालाय ना, मग ठीक आहे. झोप."

मी तुझ्या बोटांकडे बघत होतो.

"हॉस्पिटलात तू मला थोपटत होतास तेव्हा वाटलं, आता सांगशील. मग वाटलं, तेराव्याला सांगशील. मग पंधरा दिवस झाले. तुझं तोंड बघून मला रोज वाटायचं की आज. नंतर मला बघवेना." तू माझ्याकडे बघून बोलत नव्हतीस. "तुझी चारही पत्रं वाचली मी. पहिलं वाचून फाडलं. चौथं येईपर्यंत मला वाटत होतं, नाही सांगणार हा."

मी म्हटलं, "लुंबे, मला..."

"माफी मागू नकोस. माफ करायला गेले तर मला आधी स्वतःला करावं लागेल. मीही तुझ्यावर विश्वास ठेवूनच त्याला झोप म्हटलं. ते मला जमत नाही." मग म्हणालीस, "आईला मी नेते. तिला काही सांगितलं आहेस का?"

मी नाही म्हटलं. तू म्हणालीस, "तूच सांग. मी नाही सांगणार."

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं. तू आतल्या खोलीत बॅग भरत होतीस, ऐकलं असशील. ती पोळ्या लाटत होती. सगळं ऐकून तिने गॅस बंद केला. म्हणाली, "मी त्याला आल्याचा चहा दिला." तेवढंच. मग परत म्हणाली, "मी चहा दिला रे त्याला, अतुल." ती रडली नाही. लाटलेल्या पोळ्या तशाच पोळपाटावर राहिल्या. तिने साडी बदलली आणि बॅगेपाशी येऊन बसली, गाडी दुसऱ्या दिवशीची असूनही.

निजामुद्दीनला तुम्हाला सोडायला आलो, त्याला तू नाही म्हटलं नाहीस, एवढं मी धरून ठेवलंय. आईला वर चढवताना तू तिचा एक हात धरलास, दुसरा मी. बर्थवर बसल्यावर तिने खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला. तू बाटलीत पाणी भरून आणलंस, आमच्या दोघांच्या मधून गेलीस. गाडी हलायच्या आधी म्हणालीस, "पोचल्यावर आई फोन करेल."

केला तिने.

पुढच्या आठवड्यापासून समितीने मला अकरा लॅबमधल्या तपासणीला हजर राहायला सांगितलं आहे. पगार नाही, पद नाही. चुकीचं कुठे आहे ते दाखवायचं, कारण ते सगळ्यांत नीट मलाच माहीत आहे. समाधानभाऊ येणार आहेत. पहिली लॅब तुमचीच आहे. सात नंबरच्या समोर पुतळा नको, माणूस उभा करा, असं मी लिहून दिलंय. आत विष नाही, नुसता धूर असतो. त्या जागी मी उभा राहणार आहे.

घर मोठं झालंय. आईची डायरी इथेच राहिली, ती पाकिटात घालून वेगळी पाठवतो.

उत्तराची वाट पाहत नाही, असं शेवटी लिहिणार होतो. पण तुला पुरेसं खोटं लिहून झालं आहे.

पाहतो.

अतुल